तान्ह्या बाळाला घेऊन एकटीने लांबचा विमानप्रवास: पुण्याहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी ५ महिन्यांची असताना मी तिला घेऊन एकटी शिकागोला गेले आणि ती दीड वर्षाची झाल्यावर तशीच एकटी परत आले. तेव्हापासून कोथरूडपासून हिंजवडीपर्यंतच्या कितीतरी आयांचे फोन आणि मेसेज येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. एक गोष्ट त्यात पुन्हा पुन्हा येईल. विमानातले तास कसेही निभतात. अडतं ते टॅक्सीतून उतरताना, सिक्युरिटीच्या पट्ट्यापाशी, बाथरूमच्या दारात, म्हणजे जिथे दोन हात पुरत नाहीत तिथे. त्या जागा आधी ओळखायच्या आणि तिथे तिसरा हात कुणाचा, हे घरूनच ठरवून निघायचं. बाबा एकटा निघाला असेल तरी हे सगळं त्यालाही लागू आहे.

१. बाळ किती महिन्यांचं झाल्यावर न्यावं?

बऱ्याच विमान कंपन्या ७ किंवा १४ दिवसांच्या बाळालाही घेतात, फार लहान असेल तर डॉक्टरांचं पत्र मागतात. पण कंपनी घेते म्हणून निघू नये. उडत्या विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण ६००० ते ८००० फुटांवर असतो तितका, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर असतो त्याहूनही कमी. निरोगी बाळाला तो सोसतो. पण बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा काही त्रास असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

माझ्या मते ४ ते ७ महिने हा सगळ्यात सोपा काळ. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लशी झालेल्या असतात, बाळ अंगावर पीत असतं, बॅसिनेटमध्ये (विमानातल्या छोट्या पाळण्यात) मावतं आणि अजून रांगत नसतं. गोवर-रुबेलाची लस आपल्याकडे ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात. परदेशी जाणाऱ्या बाळांना ती ६ महिन्यांनंतर लवकर देण्याचाही पर्याय असतो, तेव्हा डॉक्टरांशी बोलताना देशाचं नाव आणि तारीख नक्की सांगा.

२. पुण्याहूनच निघता येईल का, की मुंबईच गाठावी लागते?

लोहगावहून मोजकीच आंतरराष्ट्रीय विमानं सुटतात, तीही दुबईसारख्या जवळच्या ठिकाणांची. तिथून पुढचं विमान एकाच तिकिटावर मिळत असेल, तर घाट टळतो म्हणून मी तो पर्याय आधी बघेन. पुणे-दिल्ली आणि पुढे परदेश हाही चांगला मार्ग आहे. मात्र दोन वेगळी तिकिटं काढू नका, बॅगा मध्ये उतरवून पुन्हा द्याव्या लागतात.

बहुतेकींना मुंबईच पडते. तिकिटावर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आहे. त्याचा कोड 'एनएमआय' आणि सहारच्या जुन्या विमानतळाचा 'बीओएम'. टॅक्सीवाल्याला नुसतं "मुंबई एअरपोर्ट" सांगून चालणार नाही.

सहार कोथरूडपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता मोकळा असला तर साडेतीन तास. मी विमानाच्या वेळेआधी ९ तास घर सोडते, जुलै-ऑगस्टमध्ये १०. पावसाळ्यात घाटात दरड येते आणि शुक्रवारी संध्याकाळी, गणपतीच्या आधी किंवा जोडून सुट्ट्या आल्या की खंडाळ्याला गाड्यांची रांग लागते. बाळाला घाटात उलटी होऊ शकते, म्हणून पोटभर दूध निघायच्या तासभर आधी पाजा, गाडीत बसता बसता नको. दुपटं आणि कपड्यांचा एक जोड हाताशी ठेवा. शेअर टॅक्सी नको, स्वतंत्र गाडी करा आणि मध्ये थांबणार आहोत हे चालकाला आधीच सांगा. बाळाला कार सीटमध्येच बसवा. आपल्याकडे कायद्यानेही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन लागतंच.

सोडायला कुणीतरी या हा हट्ट धरा. आत फक्त तिकीटवाल्यालाच सोडतात, पण ट्रॉली आणणं, बॅगा चढवणं आणि तुम्ही कागद काढेपर्यंत बाळाला धरणं, एवढ्यासाठी तरी तो माणूस हवाच.

३. एवढ्याशा बाळालाही वेगळा पासपोर्ट लागतो? पुण्यात कुठे काढायचा?

लागतो, आणि जिथे जाणार तिथला व्हिसाही वेगळा. अर्ज ऑनलाइन भरून मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात वेळ घेता येते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा महापालिकेच्या दाखल्यावर बाळाचं नाव आधी चढवून घ्या. नावाशिवायच्या दाखल्यामुळे हेलपाटा पडलेल्या तिघी माझ्याच ओळखीत आहेत. ४ वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा फोटो आपणच न्यायचा असतो. शुल्क १००० रुपये, ८ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या अर्जाला १० टक्के सवलत. पासपोर्ट ५ वर्षं चालतो.

४. नवरा आधीच तिकडे गेलाय. त्याच्या सहीचं काय?

दोन वेगळ्या सह्या आहेत, त्यांची गल्लत होते.

पहिली पासपोर्टसाठी. आई-वडील दोघांच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र म्हणजे 'अनेक्शर डी'. वडील परदेशात असतील तर त्यांनी आपलं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवायचं आणि तुम्ही तुमचं इथे द्यायचं. एकाची संमती मिळणं शक्यच नसेल तर 'अनेक्शर सी' असतं.

दुसरी प्रवासासाठी. "माझ्या पत्नीला बाळासह अमुक तारखांना अमुक देशात प्रवास करायला माझी हरकत नाही" असं नोटरी केलेलं पत्र. मला ते कुणी विचारलं नाही, तरी मी दोन्ही वेळा नेलं. अमेरिका आणि कॅनडा असं पत्र जवळ ठेवण्याचा सल्ला देतात. जोडीला नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत आणि त्याचा चालू फोन नंबर.

५. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे आणि बाळाचं सासरचं. अडवतील का?

फक्त त्यासाठी अडवत नाहीत, पण ही माझीच मुलगी हे दाखवता आलं पाहिजे. आईचं नाव असलेला जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी प्रत काढून घ्या.

६. बाळाचं तिकीट किती? त्याला वेगळी जागा घ्यावी का?

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर न्यायचं असेल तर आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के आणि वर कर. बाळाचं नाव तिकिटात आधीच घालून घ्या, विमानतळावर ऐन वेळी नको. परवडत असेल आणि बाळ ८-९ महिन्यांच्या पुढचं असेल, तर वेगळी जागा घेऊन विमानात चालणारी कार सीट लावणं सगळ्यात सुरक्षित. ते फार महाग पडतं हे मला ठाऊक आहे. मीही मांडीवरच नेलं.

७. बॅसिनेट कसं मिळवायचं? वजनाची अट असते ना?

बॅसिनेट म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा छोटा पाळणा. तो फक्त पहिल्या ओळीतल्या ठरावीक जागांपुढे लागतो, म्हणून मोजकेच असतात. तिकीट काढलं त्याच दिवशी कंपनीला फोन करून मागा. बाळाचं वजन आणि लांबी विचारतात. मर्यादा बहुधा १० ते १४ किलोंच्या दरम्यान, प्रत्येक कंपनीची वेगळी. निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करा आणि चेक-इनला पुन्हा विचारा. माझ्या परतीच्या प्रवासात मागणी नोंदवलेली असूनही जागा दुसऱ्या कुटुंबाला गेली होती. मुख्य कर्मचाऱ्याशी शांतपणे बोलले, तेव्हा कडेची जागा आणि शेजारची रिकामी खुर्ची मिळाली.

दोन गोष्टी मात्र आधी सांगत नाहीत. उड्डाण, उतरणं आणि धक्के बसत असताना बाळाला त्यातून काढून मांडीवर घ्यावं लागतं, मग ते कितीही गाढ झोपलेलं असो. आणि त्या ओळीत पुढे खुर्ची नसल्यामुळे पिशवी पायाशी ठेवता येत नाही, उड्डाणाआधी वर टाकावी लागते. म्हणून एक दुपटं, एक डायपर आणि पुसायचे ओले कागद असलेली छोटी थैली गळ्यात असू द्या.

८. हातातल्या सामानात नेमकं काय न्यायचं?

पाठीवरची एकच सॅक. चाकांची बॅग नको, कारण ती ओढायला एक हात जातो आणि तो हात बाळाचा आहे. बाळ पुढे बांधायच्या कॅरिअरमध्ये.

सॅकमध्ये वरच्या कप्प्यात पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि कागद. मधल्या कप्प्यात डायपर: प्रवासाच्या दर दोन तासांना एक धरा आणि वर ५ जास्तीचे. बाळाच्या कपड्यांचे तीन जोड, प्रत्येक जोड वेगळ्या पारदर्शक पिशवीत, म्हणजे भरलेले कपडे त्याच पिशवीत कोंबता येतात. तुमच्यासाठी एक कुडता आणि सलवार. हे सगळ्या विसरतात, आणि शी-ओकारी होते ती आईच्याच अंगावर. टोपरं आणि मोजे, कारण रात्री केबिन गार पडते. मऊ सुती साडीचं दुपटं, कारण घरचा वास ओळखीचा असतो आणि नव्या ब्लँकेटपेक्षा बाळ त्यावर लवकर शांत होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध, मापाच्या ड्रॉपरसह आणि चिठ्ठीसकट.

खेळणी दोन पुरेत. बाळाला विमानातला चमचा आणि कागदी कप जास्त आवडतात.

९. सिक्युरिटीत दूध, पाणी, पेज चालते का?

चालते. १०० मिलिलिटरची अट बाळाच्या दूध-अन्नाला लावत नाहीत, प्रवासापुरतं नेता येतं. पण ते वेगळं काढून ट्रेमध्ये ठेवा आणि "बाळाचं आहे" असं आपणहून सांगा. अमेरिकेत आईचं दूध, फॉर्म्युला आणि ते गार ठेवायच्या पिशव्यांनाही सूट आहे. ब्रिटनमध्ये गोठवलेलं आईचं दूध हातातल्या सामानात चालत नाही, द्रवरूप चालतं.

काढलेलं दूध नेहमीच्या तापमानाला ४ तास टिकतं, गोठवलेल्या पॅकसोबत बंद पिशवीत २४ तासांपर्यंत. कालवलेला फॉर्म्युला मात्र दोन तासांत संपवा नाहीतर टाका. विमानात टाकीचं पाणी नको, सीलबंद बाटलीतलं मागा.

खरी कसरत पट्ट्यापाशी. स्ट्रोलर (बाबागाडी) घडी करून एक्स-रेमधून जातो, कॅरिअर काढावं लागतं, बाळ हातात आणि ट्रे भरायचाय. इथे मागच्या बाईला सरळ म्हणा: "ताई, माझी सॅक तेवढी ट्रेमध्ये ठेवता का?" मदत मागताना काम नेमकं सांगा. नुसतं "जरा मदत करा" म्हटलं की समोरच्याला काय करावं कळत नाही.

१०. कान दुखून बाळ फार रडतं का?

चढताना कमी, उतरताना जास्त. गिळल्याने कानातला दाब समान होतो, म्हणून त्या वेळी अंगावर घ्या, बाटली द्या किंवा चोखणी. उतरणं साधारण अर्धा तास आधी सुरू होतं. ती घोषणा झाली की झोपलेल्या बाळाला हळू उठवून पाजायला लागा. त्या आधीच्या तासात पोट भरू देऊ नका, नाहीतर नेमक्या वेळी ते पिणार नाही. सर्दी झालेली असेल तर प्रश्न १९ पाहा.

११. झोपेचं औषध किंवा जायफळ उगाळून दिलं तर?

नाही. "ॲलर्जीचं सिरप दे, झोपेल" असं सांगणारे खूप भेटतात. अशा काही सिरपमध्ये असणाऱ्या प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावू शकतो, म्हणून ते या वयात वर्ज्य आहे. अशा औषधांनी काही मुलं झोपण्याऐवजी उलट बिथरतात.

जायफळाची गोष्ट नाजूक आहे, कारण ते प्रेमाने आजी सांगते. पण उगाळताना किती उतरलं याला माप नाही, जास्त जायफळ विषारी असतं, आणि आकाशात डॉक्टर नाही. आजीला हेच सांगा, शांतपणे. मधाचं बोटही वर्षाच्या आत नको, बोट्युलिझमचा (जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो.

१२. मला बाथरूमला जायचं असेल तर बाळ कुणाकडे?

हा प्रश्न बायका सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने उत्तर देते. बाळ बॅसिनेटमध्ये झोपलेलं असेल तर कर्मचाऱ्याला किंवा शेजारणीला सांगून जा. जागं असेल तर कॅरिअरमध्ये बांधूनच जा. त्यासाठी सैल इलॅस्टिकची सलवार घाला, जीन्स नको. कर्मचारी धरतात, पण ते त्यांचं बंधनकारक काम नाही, त्यामुळे जेवण वाटपाच्या वेळी मागू नका. बसल्या बसल्या शेजारच्यांशी दोन शब्द बोलून ठेवा, ओळख झाली की मागायला अवघड जात नाही. आणि जावं लागेल म्हणून पाणी प्यायचं टाळू नका. केबिनची हवा फार कोरडी असते, पाजणाऱ्या आईला पाणी हवंच.

१३. बाळंतपण नुकतंच झालंय. माझ्या तब्येतीचं काय बघायचं?

बाळंतपणानंतर पहिले ६ आठवडे पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका बराच वाढलेला असतो, पुढे १२ आठवड्यांपर्यंत थोडा राहतो. लांबच्या प्रवासात तासन्‌तास बसून राहिल्याने त्यात भर पडते. सिझेरियन असेल तर आणखी. स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या काळात निघू नका. विमानात बाळाला घेऊन येरझारा घाला, घोटे फिरवत राहा. एका पायाला सूज, पोटरीत दुखणं किंवा धाप लागली तर ताबडतोब सांगा. सगळे बाळाचंच विचारतात. तुमचं कुणी विचारलं नाही, तर तुम्ही स्वतः सांगा.

१४. बाळ रडतच राहिलं आणि लोक बघायला लागले तर?

डायपर, भूक, ढेकर, थंडी-ऊन, या क्रमाने बघा. मग उठून मागच्या मोकळ्या जागेत जा. इंजिनाच्या घुमण्याने बरीच बाळं शांत होतात. लोकांची माफी मागत बसू नका, तुमचा ताण बाळाला लगेच कळतो. आणि तुम्ही पेंगत असाल तर बाळाला छातीवर घेऊन झोपू नका, बॅसिनेटमध्ये ठेवा. ते नसेल तर तासभर बाळ धरायला कर्मचाऱ्यांना विचारून बघा.

१५. ट्रान्झिट, म्हणजे मधल्या विमानतळावरचं थांबणं, किती तासांचं घ्यावं? स्ट्रोलर दारात मिळतो का?

तीन ते चार तास. दोनच्या आत धावपळ, सहाच्या पुढे हाल. स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत नेऊन टॅग लावून देता येतो, पण मधल्या विमानतळावर तो दारात परत मिळेलच असं नाही. मला मिळाला नव्हता. पाठीवर सॅक, पुढे ५ महिन्यांची मुलगी, आणि पुढच्या गेटपर्यंत ४० मिनिटं चालणं. तेव्हा कॅरिअर होतं म्हणून निभावलं. टॅग लावतानाच "ट्रान्झिटमध्ये दारात मिळेल का?" हे विचारा. पैसे देऊन सोबत माणूस मिळण्याची सेवा बऱ्याच मोठ्या विमानतळांवर असते. एका वेळच्या प्रवासासाठी तो खर्च करावा असं मला वाटतं.

मांडीवरच्या बाळाला काही कंपन्या तुमच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा देतात. अमेरिकी कंपन्या देत नाहीत, तिथे हातांनीच धरायचं असतं. उतरल्यावर विमानतळापासून घरापर्यंत अमेरिकेत कार सीट सक्तीची आहे. न्यायला येणाऱ्याने ती आधीच गाडीत बसवून आणावी.

१६. खिमट, नाचणी सत्त्व, घरचं तूप नेता येईल?

प्रवासापुरतं हाताशी ठेवा, बाकीचं बघून. अमेरिकेला जाताना हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर असली तर तपासतात. बाळाच्या फॉर्म्युलाला सूट आहे, पण घरी दळलेली तपकिरी पूड त्यांना अनोळखी, तेव्हा ती मोठ्या बॅगेत टाका. खापरा भुंगेऱ्याच्या (धान्यातल्या एका किडीच्या) भीतीने भारतातून अमेरिकेत प्रवासी सामानात तांदूळ नेऊ देत नाहीत, म्हणून खिमटाचे तांदूळ तिकडेच घ्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा. लिहून फेकावी लागली तर नुकसान वस्तूचंच, लपवली तर दंड.

१७. परतीच्या आधी बाळ दोन वर्षांचं होतंय. मग?

वय प्रवासाच्या त्या त्या तारखेचं धरतात. जाताना मांडीवर आणि येताना पूर्ण खुर्ची, तसं तिकीट सुरुवातीलाच काढा. आणखी दोन अडचणी इथेच सांगते: एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ चालतं, त्यामुळे जुळ्यांना एक खुर्ची घ्यावीच लागते. आजी एकटी नातवाला नेणार असेल तर प्रश्न ४ मधलं दुसरं पत्र आई आणि वडील दोघांचंही हवं.

१८. बाळ तिकडे जन्मलंय, त्याचा पासपोर्ट परदेशी आहे. पुण्याला आणताना काय लागेल?

तुमच्या भारतीय पासपोर्टवर ते येऊ शकत नाही. त्याला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) किंवा भारताचा व्हिसा लागतो. ओसीआयला वेळ लागतो. घरी कुणी आजारी असेल आणि तातडीने यायचं असेल, तर त्या देशाला लागू असल्यास ई-व्हिसा बघा. ओसीआय झाल्यावर बाळाचा पासपोर्ट नवा निघाला, की त्याची प्रत आणि फोटो संकेतस्थळावर चढवायला विसरू नका. २० वर्षांखाली कार्ड बदलावं लागत नाही, पण ही नोंद लागते.

१९. निघायच्या दिवशीच बाळाला ताप किंवा सर्दी झाली तर?

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडीने डॉक्टर, प्रवास नाही. मोठ्या बाळाची साधी सर्दी असेल तर डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. कानात संसर्ग असेल तर तारीख बदलण्याची तयारी ठेवा. विमान सुटायच्या आधी कंपनीला कळवा. न कळवता गेला नाहीत तर पुढचे टप्पे आणि परतीचं तिकीटही बहुधा रद्द होतं. डॉक्टरांचं पत्र घेतलंत तर काही कंपन्या तारीख बदलण्याचं शुल्क कमी करतात. हा फोन नवऱ्याला, भावाला, घरात जो असेल त्याला करायला सांगा, पीएनआर नंबर त्याच्याकडे आधीच लिहून ठेवा. तुम्ही बाळापाशी थांबा.